यवतमाळच्या आभाळातला पर्सियस

मेड्यूसाच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा जागच्या जागी दगड होतो. मग तिचं डोकं उडवायचं तरी कसं? २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स : द लाइटनिंग थीफ’ या चित्रपटात शाळकरी पर्सी हातातला आयपॉड पालथा धरतो, त्याच्या चकचकीत पाठीत तिचं प्रतिबिंब बघतो आणि तलवार फिरवतो. आयपॉड नवा असला तरी युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मूळच्या पर्सियसने घासून लख्ख केलेल्या ढालीत मेड्यूसा पाहिली, नजर ढालीवरून हलू दिली नाही आणि वार केला.

ते मुंडकं त्याने अजून खाली ठेवलेलं नाही. दिवाळी आटोपली, पाऊस जाऊन आभाळ धुतल्यासारखं झालं, कापसाची वेचणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वावरात रात्री नऊच्या सुमारास ईशान्येकडे तोंड करून उभं राहावं. पर्सियस तिथे असतो. मुंडकं हातात असतं. आणि त्या मुंडक्याचा एक डोळा दर तीन दिवसांनी मिटतो! का मिटतो ते पुढे येईलच. आधी हा गडी कोण ते पाहू.

चित्रपटाची गोष्ट रिक रिऑर्डनच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. हा टेक्सासचा शाळामास्तर. मुलाला झोपताना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगायचा. त्या संपल्या तेव्हा त्याने स्वतःच एक रचली. २००५ मध्ये तिचं पुस्तक झालं आणि पाच वर्षांनी हॅरी पॉटरचे पहिले दोन चित्रपट करणाऱ्या ख्रिस कोलंबसने त्याचा चित्रपट केला. देवराज झ्यूसचं वज्र चोरीला गेलं आहे, आळ पर्सीवर आला आहे. पर्सीची आई साधी बाई आणि बाप समुद्रदेव पोसायडन. मग अमेरिकाभर धावपळ, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर देवलोक, हॉलिवूडच्या पाटीखाली पाताळाची वाट. आपल्याकडच्या घरात आजी, नातू आणि मधली पिढी एकत्र बसून हे बघतात तेव्हा सगळ्यात आधी आजीला कळतं, असा माझा अंदाज आहे. कर्ण आणि भीम कळलेल्या माणसाला पर्सी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मूळ पर्सियसची जन्मकथा तर ऐकता ऐकता दचकायला लावते. अर्गोसच्या राजाला भविष्य सांगितलं जातं की तुझ्या मुलीचा मुलगा तुझा जीव घेईल. राजा मुलीला कोंडून ठेवतो. तरी देव यायचा तो येतोच. झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपात आत शिरतो आणि पर्सियस जन्मतो. राजा मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडून देतो. कंसाची भविष्यवाणी, देवकीचा तुरुंग आणि अश्वनदीत सोडलेली कर्णाची पेटी, सगळं एकाच गोष्टीत! कोणी कोणाकडून उचललं, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्या वादापेक्षा हे विलक्षण वाटतं की दोन्हीकडच्या माणसांना भीतीही एकाच गोष्टीची वाटत होती, घरात जन्मणाऱ्या पोराची.

झ्यूसचंही तसंच. हातात वज्र, हुकमत पावसावर आणि नजर दुसऱ्याच्या बायकोवर. अल्कमेनीकडे तो तिच्याच नवऱ्याचं रूप घेऊन गेला, त्यातून हेराक्लीस झाला. गौतमाचं रूप घेऊन अहल्येकडे गेलेला इंद्र इथे आठवणारच. फरक पुढे आहे. झ्यूसला कोणी शाप दिला नाही. ऑलिम्पसवर तो निवांत राहिला. आपल्या इंद्राला शाप भोवला, आणि तो फेडायला तो आला कुठे, तर यवतमाळ जिल्ह्यात. यवतमाळहून फार लांब नसलेल्या कळंबच्या चिंतामणीची आख्यायिका हेच सांगते की गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे गणपतीची स्थापना केली. देऊळ जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. काही वर्षांनी कुंडाचं पाणी वर चढतं आणि मूर्तीच्या पायांना लागतं, अशी त्याची ख्याती आहे. वज्रधारी देव पायऱ्या उतरून माफी मागायला येतो, ही कल्पना हॉलिवूडला सुचलेली नाही. सुचायला हवी होती.

पडद्यावर हे सगळं आणण्यातही आपण मागे नव्हतो. चित्रपटात पर्सी नॅशव्हिलमधल्या पार्थेनॉनच्या प्रतिकृतीत अनेक तोंडांच्या हायड्राशी लढतो. त्याच्या ९१ वर्षं आधी, १९१९ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये एका लहानग्याला पाण्यात उतरवून नागाशी झुंजवलं होतं. तो बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी. संगणक नाही, आवाज नाही. फक्त कॅमेऱ्याच्या करामती आणि त्या पोरीचा चेहरा. चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके तिचे हावभाव नुसते दाखवत राहतात, जणू प्रेक्षकांना सांगत असावेत की जादू इथे आहे. ‘कौटुंबिक चित्रपट’ हे नाव कोणाला शोभत असेल तर याला.

पण ग्रीक मंडळी आपल्याकडे सिनेमाबरोबर आली, असं समजू नका. ती फार आधी जहाजाने आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-वहीत पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. तिथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायचा, आणि त्यात कापड होतं. मोसमी वारे कळलेले खलाशी तांबड्या समुद्रातून सरळ आपल्या किनाऱ्याकडे यायचे. कार्ल्याच्या चैत्यगृहात कितीतरी खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. हे लोक येताना मद्याचे कुंभ घेऊन आले, नाणी घेऊन आले आणि देवही घेऊन आले.

पुरावा कोल्हापुरात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तीत काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात एक छोटी मूर्ती होती: दाढीवाला, उघडा, डौलदार पुरुष. पोसायडन. पर्सी जॅक्सनचा बाप! आणि त्याच गावच्या टाऊन हॉल संग्रहालयात एक पदकही आहे, ज्याच्यावर पर्सियस आणि अँड्रोमेडा आहेत. सह्याद्री चढून, घाट ओलांडून ही जोडी पंचगंगेपर्यंत कशी पोचली असेल? कोण्या व्यापाऱ्याने हौसेने विकत घेतली असेल, की कोणी नजराणा म्हणून दिली असेल? मालकाला गोष्ट ठाऊक होती का? मला वाटतं, ठाऊक नसली तरी त्याने रचून घेतली असेल. आपली माणसं मूर्तीला गोष्टीवाचून ठेवत नाहीत.

या शेजारात एक विनोदही आहे. अँड्रोमेडाला गिळायला समुद्रातून राक्षस पाठवला तो पोसायडननेच. तिची आई कॅसिओपिया, इथियोपियाची राणी, समुद्रकन्यांपेक्षा आपण सुंदर असं मिरवत होती. त्याची ही शिक्षा. राजा सेफियसने नाइलाजाने मुलीला किनाऱ्यावरच्या खडकाला बांधलं. मेड्यूसाला मारून परतणाऱ्या पर्सियसने ते पाहिलं, राक्षस संपवला आणि तिच्याशी लग्न केलं. म्हणजे चित्रपटाने ज्याला नायकाचा बाप केलं, तो मूळ गोष्टीत नायकाच्या बायकोच्या जिवावर उठलेला होता. मेड्यूसाच्या रक्तातून पंखांचा घोडा पेगॅसस उडाला, त्याचा बापही पोसायडनच. त्या हिशेबाने तो घोडा पर्सीचा सावत्र भाऊ लागतो. ग्रीक देवांच्या नात्यांत फार खोल जाऊ नये, एवढंच खरं.

आता वावरात परत या. हे सगळं कुटुंब, राजा, राणी, राजकन्या, वीर, घोडा आणि राक्षस, यवतमाळच्या माथ्यावर एकाच वेळी हजर असतं. आधी डोक्यावर मोठा चौकोन शोधावा. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा या दोन नक्षत्रांचे चार तारे मिळून तो होतो. ते पेगॅससचं अंग, मराठीत महाश्व. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून ताऱ्यांची एक ओळ निघते, ती अँड्रोमेडा. उत्तरेला वाकडातिकडा ‘एम’ दिसतो ती कॅसिओपिया, तिच्या पश्चिमेला फिकट सेफियस. दक्षिणेकडे पसरलेला राक्षस म्हणजे तिमिंगल. आणि अँड्रोमेडाच्या ओळीच्या टोकाशी, ईशान्येला, पर्सियस.

आपल्या खगोलाच्या पुस्तकांत मात्र ही पात्रं वेगळ्याच गोष्टीतून येतात. पर्सियस म्हणजे ययाती, अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सेफियस वृषपर्वा. ज्यांनी ही वाटणी केली त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण ती अंदाधुंद नाही. महाभारतात असुरराज वृषपर्व्याची गर्विष्ठ मुलगी शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते, आणि तिकडून जाणारा ययाती हात धरून तिला वर काढतो. गर्व करणारी राजघराण्यातली बाई, तिच्यापायी संकटात सापडलेली दुसरी, आणि वाटेवरचा राजा जो तिला सोडवतो. खडकाच्या जागी विहीर आली एवढंच. विदर्भात विहीर जास्त ओळखीची, हे वेगळं सांगायला नको. पुढे मात्र दोन्ही गोष्टींची तोंडं फिरतात. पर्सियस सुखाने नांदतो. ग्रीक वीरांत असं भाग्य फार थोड्यांना, म्हणून तर पुस्तकातल्या पर्सीला त्याच्या आईने हे नाव दिलं. ययातीचं काय झालं ते १९५९ मध्ये आलेल्या खांडेकरांच्या कादंबरीमुळे मराठी घरांत पक्कं माहीत आहे.

आकाशात कॅसिओपियाला दिलेली शिक्षाही मजेशीर आहे. सिंहासनाला बांधून तिला ध्रुवाभोवती फिरत ठेवलं, म्हणजे अर्धा वेळ डोकं खाली, पाय वर. आज अथेन्समधून पाहिलं तर ती कधीच मावळत नाही. ध्रुव तिथे क्षितिजापासून ३८ अंशांवर आहे आणि राणी त्याच्या पुरेशी जवळ फिरते. यवतमाळला ध्रुव जेमतेम २० अंशांवर येतो, कारण ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. त्यामुळे इथे शर्मिष्ठा रोज क्षितिजाखाली जाते. ग्रीसमध्ये जन्मठेप, यवतमाळला रोजचा विसावा!

देवयानीच्या कमरेजवळ, शहराच्या दिव्यांपासून दूर, टिपेश्वरच्या जंगलाकडे किंवा झरी-जामणीच्या बाजूला उभं राहिलं तर नुसत्या डोळ्यांना एक पुसट डाग दिसतो. ती देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखी आणखी एक, २५ लाख प्रकाशवर्षांवर. तो प्रकाश निघाला तेव्हा ग्रीक नव्हते, महाभारत नव्हतं, आजच्यासारखा माणूसही नव्हता.

आणि आता मेड्यूसाचा डोळा. पर्सियसच्या हातातल्या त्या ताऱ्याचं नाव अल्गोल. अरबांनी त्याला राक्षसाचं डोकं म्हटलं. साधारण ९० प्रकाशवर्षांवरचा हा तारा २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी एकदा मंद होतो, एरवीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि पुन्हा उजळतो. यॉर्कमधल्या जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या मुलाने हे वेळापत्रक १७८३ मध्ये मांडलं. कारणही त्याने सुचवलं: एखादं काळोखं गोल शरीर ताऱ्यासमोरून जात असावं. रॉयल सोसायटीने त्याला कॉपली पदक दिलं. तीन वर्षांनी तो वारला. अंदाज खरा ठरल्याचं पाहायला राहिला नाही. १८८९ मध्ये वर्णपटाने ते सिद्ध झालं. अल्गोल हा एक तारा नाही. एक तेजस्वी आणि एक मोठा पण मंद, असे दोघं एकमेकांभोवती फिरतात. मंद तारा पुढे आला की तेजस्वी झाकला जातो. डोळा मिटणं म्हणजे ग्रहण आहे, फक्त ते ९० प्रकाशवर्षांवर लागतं आणि आपण खाटेवर पडल्या पडल्या पाहू शकतो.

पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. देवयानीच्या पायाचा तारा आणि अल्गोल एरवी जवळजवळ सारखेच तेजस्वी दिसतात. ही झाली तुलनेची खूण. ज्या रात्री अल्गोल स्पष्टपणे फिका वाटेल ती वेळ लिहून ठेवावी. पूर्ण उजळ असल्यापासून फिकं व्हायला आणि परत उजळायला मिळून दहाएक तास जातात, म्हणून घाई नसते. समजा एखाद्या रात्री एक वाजता तो सगळ्यात मंद दिसला. पुढची खेप तिसऱ्या रात्री दहाच्या आसपास, साधारण तीन तास आधी येते.