पर्वतावरचा धूर आणि गेमसाठीचा पोर्टफोलिओ

मंडळी, आजचा विषय थोडा वेगळा आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं कॉम्प्युटर गेमच्या नोकऱ्यांवर काय बोलावं, असं तुमच्या मनात येईल. रास्त आहे. पण आमच्या नात्यातली एक मुलगी आठ महिने गेम स्टुडिओंकडे अर्ज करत होती आणि कुठूनही साधं उत्तर येत नव्हतं. कोर्ससाठी वडिलांनी कर्ज काढलेलं. शेवटी तिचा पोर्टफोलिओ आम्ही तिच्या शेजारी बसून पाहिला, त्या क्षेत्रातल्या दोघातिघांशी बोललो, आणि लक्षात आलं की हा प्रश्न तर आपल्या न्यायशास्त्राच्या अंगणातलाच आहे.

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायाचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. पोर्टफोलिओ पाहणारा हेच करतो. चित्र हा धूर. त्यावरून त्याला कौशल्याचं अनुमान करायचं असतं. पण अग्नी नसतानाही धूर दिसू लागला तर तो हेतू व्यभिचारी ठरतो. मुलीच्या पोर्टफोलिओत पहिलंच काम होतं डोनटचं! ब्लेंडर शिकणारी जगभरची मुलं एका प्रसिद्ध व्हिडिओ-पाठावरून तोच डोनट करतात. छान जमला होता हो. पण त्यातून सिद्ध काय होतं? सूचना पाळता येतात, एवढंच.

मग धुराबरोबर लाकडंही दाखवायची. तयार चित्राशेजारी त्याच मॉडेलची वायरफ्रेम, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, आणि टेक्श्चर द्यायचं. विकत घेतलेलं काही वापरलं असेल तर तसं लिहायचं. जाळी कशाला? सिनेमातली एक फ्रेम रेंडर व्हायला तासन्‌तास लागले तरी चालतं. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालवायचा तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तुमचा खांब, दुसऱ्याचं झाड, तिसऱ्याचा राक्षस, सगळं बसवायचं. नको तिथे पॉलिगॉन उधळले असतील तर जाळीत ते लगेच दिसतं. म्हणून काम अनरियल किंवा युनिटीसारख्या इंजिनात उभं करूनच दाखवावं.

दुसरी खोड आपल्या शाळेतली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट आठवा: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. सगळं थोडं थोडं यायला हवं, प्रत्येकाला वेगळे गुण. तिच्याकडे ३४ कामं होती. त्यात पात्रं, लोगो, वारली, सगळंच. ‘नोकरी कुठली हवी?’ विचारलं तर म्हणाली, ‘कुठलीही चालेल.’ इथेच घोटाळा. स्टुडिओला त्या वेळी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट हवा असतो, नाहीतर कॅरेक्टर आर्टिस्ट. आणि इथे गुणांची सरासरी काढत नाहीत. चार उत्तम कामांत एक कच्चं दिसलं, की हिला स्वतःचं बरंवाईट कळत नाही का, अशी शंका येते. ही शंका कच्च्या कामापेक्षा महाग पडते.

तिनं एन्व्हायर्नमेंट निवडलं, ३० कामं काढली (रडली थोडी) आणि एक नवीन केलं: जुन्या वाड्याचा चौक. आम्हाला यात फार गंमत वाटली. वाडा मोजतातच खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. गेममधली वास्तूही अशाच सुट्या भागांची असते. एक खांब, एक तुळई, भिंतीचा एक तुकडा नीट करायचा आणि तो पुन्हापुन्हा मांडायचा. कसब पुढेच आहे: पुनरावृत्ती डोळ्याला जाणवू द्यायची नाही. तिनं पन्हळीखालची भिंत पावसानं काळवंडलेली दाखवली, एका खांबाला रोज हात लागून आलेली झळाळी दिली, तुळशीवृंदावनापाशी फरशी झिजवली. तिथे माणसं राहतात हे आता पाहणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणजे पुन्हा अनुमानच! शेवटी त्या चौकाच्या सगळ्या सुट्या भागांचा एक फोटो जोडला. अडीच महिने लागले.

गेल्या पंधरवड्यात एका स्टुडिओनं तिला आर्ट टेस्ट पाठवली आहे. एक जुनी लाकडी पेटी, आठवड्याच्या मुदतीत. पेटी भिंतीला टेकलेली असेल तर मागच्या बाजूला किती जाळी ठेवू, असं काल तिनं फोनवर विचारलं. आम्ही म्हटलं, खेळणारा मागे जाऊ शकतो का, हे आधी स्टुडिओलाच विचार.