श्वासाची जागल

डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. तो सगळा मुलूख चंद्रपुरातच मोडत होता. तिथे आयुष्य घालवणाऱ्या डॉक्टर दांपत्यापैकी मंदाकिनी आमटे यांचं पदव्युत्तर शिक्षण भूलशास्त्रातलं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. वीजही नसलेल्या रानात ही विद्या पोचली, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

भूल देणं म्हणजे झोपवणं, असा आपला समज. झोपवायला खरं तर मिनिटही पुरतं. खरं काम त्यानंतरचं. झोपेत माणूस श्वास घ्यायला विसरत नाही, भुलीत मात्र विसरू शकतो. स्नायू सैल करणारं औषध दिलं की छातीही हलत नाही. मग टाके पडेपर्यंत श्वास भूलतज्ज्ञच पुरवतो. धानाची जागल करणारा जसा बांध सोडत नाही, तसा तो रुग्णाच्या उशाशी बसून असतो.

या भागात ही जागल अधिक कठीण, कारण इथल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. रक्तातला ऑक्सिजन घटला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी वाजणं, अंगातलं पाणी कमी होणं, हेही त्यांना बाधतं. म्हणून साध्या हर्नियाच्या ऑपरेशनआधीही सिकलसेलची तपासणी हवी. रुग्णाला तासन्‌तास उपाशी-तहानलेलं ठेवायचं नाही, सलाईन वेळेत लावायचं, अंगावर ब्लँकेट हवं आणि ऑपरेशननंतरही ऑक्सिजन चालू ठेवायचा. सर्जनचा हात कितीही सफाईदार असो, यातलं एक चुकलं तर रुग्ण रात्री छातीच्या कळांनी तळमळतो.

हीच विद्या सर्पदंशातही कामी येते. नागाचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. भूलतज्ज्ञाचं स्नायू सैल करणारं औषधही नेमकं तिथेच काम करतं. त्याचा असर उतरवणारं निओस्टिग्मिन नागदंशातही लसीच्या जोडीला दिलं जातं. मण्यारीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ती मज्जातंतूचं टोकच निकामी करते, आणि ते पुन्हा भरून यायला दिवस लागतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखतही नाही. पहाटे पापण्या उघडत नाहीत. तेव्हा लसीइतकीच गरज असते घशात नळी घालता येणाऱ्या आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत फुगा दाबत राहणाऱ्या माणसाची.

ऑपरेशन संपल्यावर भूलतज्ज्ञ रुग्णाला सांगतो, ‘डोकं उचला, पाच मोजेपर्यंत धरून ठेवा.’ मण्यार चावलेल्या माणसालाही, बोटांत जीव आल्यावर, तो हेच सांगतो. मान वर राहिली, की मगच नळी काढायचा विचार.