भौतिकोपचारतज्ज्ञ घडतो कसा? शिक्षण, प्रशिक्षण आणि बुलढाणा जिल्ह्याची गरज

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, मोडलेले हाड जुळले आणि रुग्णाला घरी पाठविण्यात आले, म्हणजे उपचार संपला असे सामान्यतः समजले जाते. कुटुंबाच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो. प्लॅस्टर काढल्यावर गुडघा वाकत नाही. पक्षाघातातून जीव वाचतो, परंतु उजवा हात उचलत नाही. जन्मतः पाय वाकडा असलेले मूल दोन वर्षांचे झाले तरी नीट उभे राहत नाही. अशा वेळी जी विद्या माणसाला पुन्हा उठविते, चालविते आणि कामावर पाठविते, ती भौतिकोपचाराची होय. फिजिओथेरपी या नावाने ती अधिक परिचित आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने या विद्येचे महत्त्व विशेष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून ती तेरा तालुक्यांत विखुरलेली आहे. घाटावरील चिखली-मेहकरपासून घाटाखालील मलकापूर-शेगावपर्यंत बहुसंख्य कुटुंबांचे जीवन शेतीवर, म्हणजेच अंगमेहनतीवर, अवलंबून आहे. कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, डोक्यावरील ओझी आणि मळणीयंत्रावरील काम यांचा भार कंबर, मान, खांदे व गुडघे यांवर पडतो. ज्या घरात हातापायांवरच मिळकत अवलंबून आहे, तेथे आखडलेला एक सांधा ही केवळ शारीरिक व्यथा राहत नाही. ती घराची आर्थिक आपत्ती ठरते.

मालिश नव्हे, शास्त्र

भौतिकोपचार म्हणजे मालिश किंवा शेक, हा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः या उपचाराचा मुख्य आधार आहे तो शास्त्रशुद्ध व्यायाम. त्याच्या जोडीला विद्युतप्रवाह, उष्णता व ध्वनिलहरी यांवर चालणारी साधने, हातांनी करावयाची तंत्रे आणि रुग्णाच्या दैनंदिन हालचालींचे शिक्षण यांचा उपयोग केला जातो.

हाड मोडल्यानंतर अवयव काही आठवडे स्थिर ठेवावा लागतो. त्या काळात स्नायू क्षीण होतात आणि सांध्याभोवतीचे आवरण आखडते. प्लॅस्टर निघाल्यावर सांधा एकदम जोराने वाकविल्यास इजा होते. न वाकविल्यास तो कायमचा ताठ होतो. केव्हा, किती आणि कोणत्या दिशेने हालचाल द्यावयाची, याचा निर्णय शरीररचनेच्या ज्ञानावाचून घेता येत नाही.

पक्षाघाताचे उदाहरण याहून बोलके आहे. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबला म्हणजे त्या भागाच्या नियंत्रणाखालील हातपाय निकामी होतात. तथापि, वारंवार केलेल्या योग्य सरावाने मेंदूचे उरलेले भाग काही प्रमाणात ते काम शिकून घेऊ शकतात. ही शक्यता पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते. तो काळ अंथरुणात गेला तर गमावलेले सर्व पुढे भरून काढणे कठीण होते. रुग्णाला उठविताना घरची माणसे पुष्कळदा त्याचा लुळा हात धरून ओढतात. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्याने सांधा निखळण्याचा व तीव्र वेदना सुरू होण्याचा धोका असतो. एवढी एक गोष्ट घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितली गेली, तरी पुढील मोठी हानी टळते.

विद्येचा प्रवास

व्यायामाने उपचार करण्याची कल्पना सर्वत्र प्राचीन असली, तरी तिला संस्थेचे रूप युरोपात मिळाले. १८१३ मध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोम येथे शारीरिक शिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन केली. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रशिक्षित परिचारिकांनी आपल्या व्यवसायाची संघटना उभारली. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या विद्येला विशेष चालना मिळाली.

भारतात या शिक्षणाचा प्रारंभ महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे. मुंबईत पोलिओने पंगू झालेल्या मुलांचा प्रश्न उग्र झाला, तेव्हा १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू करण्यात आले. त्याच रुग्णालयात श्रीमती कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने १९५० मध्ये व्यवसायोपचार या भगिनी विद्याशाखेचे शिक्षण सुरू झाले होते. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी देशातील भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटनाही अस्तित्वात आली.

ज्या रोगामुळे हे शिक्षण सुरू झाले, तो पोलिओ आता देशातून गेला आहे. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित करण्यात आला. परंतु पक्षाघात, रस्त्यावरील अपघात, मधुमेह, संधिवात आणि वाढते आयुर्मान यांमुळे भौतिकोपचाराची गरज कमी न होता वाढलीच आहे.

पदवीचे शिक्षण

या अभ्यासक्रमासाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. महाराष्ट्रात पदवीचे प्रवेश राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे ‘नीट’च्या, गुणांवर केंद्रीभूत पद्धतीने दिले जातात. १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातील संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेते.

पदवीचा कालावधी पूर्वापार साडेचार वर्षांचा, म्हणजे चार वर्षांचे अध्ययन आणि सहा महिन्यांची आंतरवासिता असा राहिला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात एका वर्षाच्या आंतरवासितेसह एकूण पाच वर्षांची आखणी करण्यात आली आहे.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांचा पाया घातला जातो. त्याबरोबरच व्यायामोपचार व विद्युतोपचार यांची मूलतत्त्वे शिकविली जातात. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र आणि शरीराच्या हालचालींचे शास्त्र यांचा अभ्यास होतो. पुढे शल्यचिकित्सा, वैद्यक व अस्थिरोग यांची ओळख करून दिली जाते. अखेरच्या टप्प्यात अस्थिस्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन आणि सामुदायिक आरोग्य या चार क्षेत्रांत प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार करण्याचे शिक्षण मिळते. विद्यार्थ्याला सांध्याचा कोन मोजणे, स्नायूची शक्ती ठरविणे, चालीतील दोष ओळखणे आणि केलेल्या उपचाराची नोंद ठेवणे या गोष्टी हाताने करून शिकाव्या लागतात. केवळ पुस्तकावर ही विद्या साध्य होत नाही.

पदवीनंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. त्यात मज्जासंस्था, बालरोग, क्रीडा, हृदय व श्वसन किंवा सामुदायिक आरोग्य यांपैकी एका शाखेत विशेष प्रावीण्य मिळविता येते. अमेरिकेत या व्यवसायात प्रवेश करण्यासाठीच पदवीनंतर सुमारे तीन वर्षांची डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही पदवी घ्यावी लागते. एकंदरीत, जगभर या शिक्षणाचा दर्जा उंचावत आहे.

व्यवसायाच्या नियमनासाठी महाराष्ट्राने २००२ चा स्वतंत्र अधिनियम करून व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद स्थापन केली. २०२१ मध्ये केंद्र शासनाने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. अल्प मुदतीचे प्रमाणपत्र मिळवून फलक लावणारी व्यक्ती आणि नोंदणीकृत पदवीधर यांतील फरक नागरिकांनी ओळखणे अगत्याचे आहे. नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात संकोचाचे कारण नाही.

जिल्ह्यापुढील प्रश्न

मुंबईतील महानगरपालिकेची वैद्यकीय महाविद्यालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे या पदवीच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथेही महाविद्यालय आहे. बुलढाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. मुंबई त्याहूनही दूर. शिक्षण दूर, म्हणून विद्यार्थी थोडे. आणि जे शिकतात त्यांना मोठ्या शहरात व्यवसाय मिळतो, म्हणून परतणारे त्याहून थोडे. हे चक्र भेदणे हाच खरा प्रश्न आहे.

भौतिकोपचार एका दिवसात संपणारा नसतो. रुग्णाला आठवड्यातून काही वेळा, अनेक महिने, तज्ज्ञासमोर यावे लागते. मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातील शेतमजुराने दर खेपेस मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन शहर गाठावे, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. दोन-चार खेपांनंतर उपचार सुटतो आणि अपंगत्व मात्र राहते. म्हणून तज्ज्ञ रुग्णाच्या जवळ असणे, हा येथे सोयीचा नव्हे तर उपचाराच्या यशापयशाचा भाग ठरतो. २०२४ मध्ये बुलढाणा येथे शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयाभोवती पुनर्वसनाच्या सेवा वाढण्यास वाव असतो. परंतु त्या सेवा चालविणारे हात प्रथम तयार व्हावे लागतील.

शिक्षक व पंचायतींचे कार्य

या कामाचा आरंभ शाळेत होऊ शकतो. विज्ञान शाखेतील पुष्कळ विद्यार्थी वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला म्हणजे निराश होतात. त्याच परीक्षेच्या गुणांवर भौतिकोपचाराचा प्रवेश मिळू शकतो, हे त्यांना वेळीच सांगितले पाहिजे. मुलींच्या शिक्षणाचा खर्च हा पालकांपुढील मोठा अडसर असतो. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील विद्यार्थिनींना केंद्रीभूत प्रवेशाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. याची माहिती अकरावीच्या वर्गापासूनच दिली जावी.

प्राथमिक शिक्षकांची जबाबदारी निराळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळा व अंगणवाड्यांतून बालकांची तपासणी होते. चालताना वारंवार पडणारे, टाचा न टेकविणारे किंवा एकच हात वापरणारे मूल वर्गात दिसल्यास त्याला या तपासणीपुढे आणावे. जन्मतः वाकड्या पावलाचा उपचार पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाला, तर दर आठवड्याला बदलावयाची प्लॅस्टरे आणि त्यानंतर विशिष्ट बूट यांच्या साहाय्याने बहुतेक मुलांचे पाऊल मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. विलंब झाला की उपाय अवघड होत जातो.

ग्रामपंचायतींना आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावी लागते. हा निधी खर्च करताना गावात अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती किती, त्यांपैकी कोणाला तपासणीसाठी न्यावयास हवे, याची यादी आशा सेविकेच्या मदतीने प्रथम तयार करणे हितकारक ठरेल. दरवर्षी ८ सप्टेंबरला येणारा जागतिक भौतिकोपचार दिन अशा पाहणीसाठी निवडता येईल.

हाड जोडणारा शल्यविशारद आणि प्राण वाचविणारा वैद्य यांच्याइतकाच माणसाला पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा करणारा तज्ज्ञही समाजाला हवा असतो. जिल्ह्यातील काही मुलामुलींनी ही विद्या आत्मसात करून घाटावर आणि घाटाखाली परत येण्याचा निश्चय केला, आणि गावाने त्यांच्यासाठी जागा केली, तर आज अंथरुणावरून दाराकडे पाहत राहिलेली अनेक माणसे उद्या स्वतः चालत त्या दारातून बाहेर येऊ शकतील.