बदलीचे बिऱ्हाड

श्रोतेहो, सैन्यातल्या माणसाची बदली झाली की आपण सहज म्हणतो, ‘त्याची बदली झाली.’ पण हुकूम त्याच्या एकट्याच्या नावाने निघाला, तरी हलते ते सारे घर. देशाच्या संरक्षणाचा हा घरगुती खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दाखवलेला नसतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. ती मुलुंडला एका शाळेत शिक्षिका होती. नवरा हवाई दलात सार्जंट. तो पुण्याला लोहगावला होता तोवर ही सासूबरोबर मुलुंडला राहिली आणि शनिवार-रविवारवर संसार चालला. पुढे त्याची बदली अंबाल्याला झाली. मुलुंड ते अंबाला म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटर. शनिवारी जाऊन सोमवारी परतण्याचे ते अंतर नव्हे. तिने नोकरी सोडली, लोखंडी ट्रंका भरल्या आणि दुसरीतल्या मुलाला घेऊन बोरिवलीला पश्चिम एक्सप्रेस गाठली.

अंबाल्याच्या अलीकडे ही गाडी पानिपतावरून जाते. १७६१ साली भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर बायकामुलेही तिथे गेली होती. आजच्या सैन्यात कुटुंब लढाईच्या तळावर जात नाही. पण अंबाल्यासारख्या ठिकाणी घर आणि हवाई तळ यांत फार अंतरही नसते. १९१९ पासून तिथे लष्करी विमानांचा तळ आहे आणि २९ जुलै २०२० रोजी फ्रान्सहून आलेली पहिली पाच राफेल विमाने तिथेच उतरली. गावाने युद्धही पाहिले आहे. १९६५ साली बाँब पडून उद्ध्वस्त झालेल्या सेंट पॉल चर्चचे अवशेष तिथे अजून उभे आहेत.

आता अशा बिऱ्हाडाच्या अडचणी पाहू. पहिली घराची. तळावरचे क्वार्टर लगेच मिळतेच असे नाही. यादीत नाव लागते आणि तोवर गावात भाड्याने राहावे लागते. दुसरी मुलाच्या शाळेची. वर्षाच्या मध्येच शाळा सुटली तर पोराने काय करावे? यावर सरकारने एक चांगला तोडगा काढला. १९६२ साली केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली आणि १९६३ पासून लष्कराच्या वीस शाळा हाती घेऊन ती सुरू झाली. हीच आजची केंद्रीय विद्यालये. आपल्याकडे पवईला आणि भांडुपला अशी विद्यालये आहेत. अभ्यासक्रम सगळीकडे एकच, त्यामुळे एका गावी निम्मे झालेले पुस्तक दुसऱ्या गावी पुढे चालू करता येते.

तिसरी गोष्ट मताची. कायद्याने सैनिकाला आपल्या मूळ गावच्या मतदार यादीत नाव ठेवता येते. मुलुंडचा माणूस अंबाल्यात असला तरी मुलुंडचा मतदार राहू शकतो आणि टपाली मतदान करू शकतो. त्याच्याबरोबर राहणाऱ्या पत्नीलाही ही सवलत पूर्वीपासून होती. मात्र सैन्यातल्या स्त्रीच्या पतीला ती नव्हती! २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ या शब्दाच्या जागी पती आणि पत्नी दोघांनाही लागू पडेल असा शब्द आला. सैन्यात स्त्रियाही आहेत, हे कायद्याच्या भाषेलाही उमगले म्हणायचे.

पण कायदा पोचतो तिथवरच पोचतो. बाईची सुटलेली नोकरी तो परत देत नाही. अंबाल्याच्या वर्गात मराठीचा तास असणार कुठून? पहिल्याच उन्हाळ्यात नातू घरी आला आणि आजीशी हिंदीत बोलू लागला. आजी सुनेला म्हणाली, “अगं, पोरगा माझा आहे ना?” विनोदाने म्हणाली, पण डोळे भरले होते. त्या दिवसापासून तिने नेम धरला : रोज संध्याकाळी फोनवर नातवाला एक गोष्ट सांगायची, मराठीतून. त्याने मधे हिंदी शब्द घातला तर रागवायचे नाही. गोष्ट मात्र थांबवायची नाही.

२०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई जुंपली आणि तिकडच्या गावांत रात्री दिवे मालवण्याचा हुकूम निघाला. त्या संध्याकाळीही फोन आला. नातू म्हणाला, “आजी, आमच्याकडे सगळे दिवे बंद आहेत. तू लावलास का गं?” आजी म्हणाली, “लावला रे बाळा, देवापाशी.” आणि गोष्ट सुरू केली.

त्या काळात शेजारच्या पंजाबी बाई रोज हिच्याकडे येऊन बसत. पहिल्या हिवाळ्यात रजई कधी उन्हात घालायची, पिठाची चक्की कुठे, हेही त्यांनीच दाखवले होते. श्रोतेहो, पंजाब-हरियाणाकडची अशीच बिऱ्हाडे आपल्या मुंबईतही येतात. त्यांना पावसाळ्यात कपडे कसे वाळवावेत ठाऊक नसते, लोकलच्या कोणत्या बाजूला उतरावे कळत नाही. ट्रंका घेऊन आलेले असे बिऱ्हाड आपल्या जिन्यावर दिसले, तर आपण दार लावून न घेता दोन शब्द विचारावेत. सैनिकाच्या घराचे आपण देणे लागतो, ते फेडण्याची ही अगदी साधी वाट आहे.