नाइटिंगेल परिचारिका विद्यालय

लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये स्थापन झालेले परिचारिका-प्रशिक्षण विद्यालय. क्रिमियन युद्धातील (१८५३–५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्या कार्याच्या गौरवार्थ जनतेने उभारलेल्या निधीतून ते सुरू झाले. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णालयातील पगारी परिचारिकेचे काम हलक्या दर्जाचे मानले जाई. त्याला प्रतिष्ठित व्यवसायाचे स्वरूप देणे हा विद्यालयाचा हेतू होता आणि विद्यार्थिनींची दिनचर्याही त्याच हेतूने आखलेली होती.

पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. प्रशिक्षण एक वर्षाचे असून निवास, भोजन व गणवेश यांखेरीज वर्षाला १० पौंड विद्यावेतन मिळे. त्यानंतर काही वर्षे रुग्णालयात नोकरी करण्याचे बंधन असे. वसतिगृहात प्रत्येकीस स्वतंत्र खोली व सर्वांना मिळून एक बैठकीची खोली होती. एकटीने बाहेर जाण्यास मनाई होती. शिक्षण मुख्यतः रुग्णकक्षात, तेथील प्रमुख परिचारिकेच्या हाताखाली होई. त्यास वैद्यांच्या व्याख्यानांची जोड असे.

मुख्य परिचारिका सेरा वॉर्डरोपर (कार्यकाल १८५४–८७) प्रत्येकीचे मासिक प्रगतिपत्रक भरीत. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा या गुणांची, तसेच जखमा बांधणे, जळवा लावणे, रुग्णाचे अन्न शिजविणे, रुग्णाचे निरीक्षण करणे या कौशल्यांची स्वतंत्र नोंद असे.

या पद्धतीत एक मूलभूत विसंगती होती. विद्यार्थिनी ही रुग्णालयाची कामकरीही असल्याने कक्षातील श्रमांपुढे अध्ययन मागे पडे. १८७० नंतर नाइटिंगेल यांनी स्वतः लक्ष घातले, तेव्हा शिकवणीतील उणिवा उघड झाल्या. पुढे अभ्यास व वसतिगृह यांवर देखरेख करणारी परिचारिका नेमण्यात आली. १८७५ पासून मेरी क्रॉसलँड यांनी हे पद दीर्घकाळ सांभाळले. १८७२ ते १९०० या काळात नाइटिंगेल विद्यार्थिनींना उद्देशून पत्रे लिहीत. ही पत्रे विद्यालयाची परंपराच बनली.

विद्यालयाच्या परिचारिकांनी अन्यत्रही ही पद्धत नेली. ल्युसी ऑसबर्न व त्यांच्या पाच सहकारी १८६८ मध्ये सिडनीला गेल्या. मात्र परिचारिकेची पात्रता चारित्र्यावरून ठरवावी की परीक्षेवरून, हा वाद दीर्घकाळ चालला. नाइटिंगेल यांचा परीक्षाधिष्ठित नोंदणीस विरोध होता. परंतु १९१९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शासकीय नोंदणी सुरू झाली.

१९९६ मध्ये ही संस्था लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये विलीन झाली. महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांत नवागत विद्यार्थिनी दीप उजळून शपथ घेतात. नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शपथ मात्र त्यांची वा या विद्यालयाची नसून १८९३ मध्ये अमेरिकेतील डिट्रॉइट येथे रचली गेली. दीपाच्या प्रतीकाइतकीच शिक्षण आणि श्रम यांतील ती जुनी ओढाताणही परिचर्या-शिक्षणाच्या वारशाचा भाग आहे.