कर्नेलची दुरुस्ती : गाभा बदला, जोड सांभाळा

बुलडाणा (प्रतिनिधी) - खामगाव, मलकापूर परिसरातील जिनिंगमध्ये यंत्राचा झिजलेला भाग बदलताना नव्या भागाची बोल्टची छिद्रे जुन्याच जागी असावी लागतात. ती सरकली, तर दुरुस्तीच यंत्र बंद पाडते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या 'कर्नेल'लाही हाच नियम लागू पडतो.

नेटवर्क कार्ड वा डिस्क चालविणारे ड्रायव्हर आधीच यंत्रभाषेत तयार झालेले असतात. कोणती माहिती कितव्या बाइटवर सापडेल, हे त्यांत पक्के झालेले असते. कर्नेलमधील रचनेच्या मध्येच नवा रकाना घातला, की पुढचे सारे रकाने सरकतात. जुना ड्रायव्हर भलतीच माहिती वाचतो आणि संगणक कोसळू शकतो. म्हणूनच पुण्यातही केंद्र असलेली 'रेड हॅट' आपल्या लिनक्समधील काही रचनांत रिकाम्या जागा राखून ठेवते आणि नंतरची भर तेथेच घालते. जुना ड्रायव्हर पुन्हा न घडविता चालावा, यालाच 'बायनरी सुसंगतता' म्हणतात.

जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन'वरील विंडोजची दुरुस्ती काही अँटिव्हायरसशी जुळली नाही. अखेर सुसंगत अँटिव्हायरस असलेल्या संगणकांनाच ती देण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टला स्वीकारावे लागले.

मात्र, दुरुस्ती लांबविणेही महागात पडते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'ने जेएनपीटीतील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याने वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवर मार्चमध्येच दुरुस्ती आली होती. जोड तुटणार नाही, हा भरवसा असेल, तरच दुरुस्ती वेळेवर बसविली जाते.