पोस्टग्रेसला मेमरी किती द्यावी?

पोस्टग्रेस डेटाबेस बसवला की ‘शेअर्ड बफर्स’ (डेटा हाताशी ठेवण्याची त्याची स्वतःची मेमरी) सहसा १२८ मेगाबाइटवरच असतात, मग सर्व्हरची मेमरी ६४ जीबी का असेना. कुठल्याही यंत्रावर तो चालावा म्हणून आकडा इतका सावध. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर एकूण मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी. उरलेल्या मेमरीत ऑपरेटिंग सिस्टिम फायली हाताशी ठेवतेच.

खरा धोका ‘वर्क मेम’चा, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणाऱ्या मेमरीच्या मर्यादेचा! मुळात ४ मेगाबाइटची ही मर्यादा जोडणीगणिक नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू होते. ती ६४ मेगाबाइट केली आणि १०० जोडण्यांनी एकाच वेळी दोन-दोन मोठे सॉर्ट चालवले, तर साडेबारा जीबी लागतील. प्रोसेसरचे कोअर भरपूर आहेत म्हणून समांतर वर्कर वाढवाल, तर प्रत्येक वर्करही ही मर्यादा स्वतःसाठी वेगळी वापरतो.